‘किडनी बसवायची नाही’ असं म्हणण्याआधी

डायलिसिसला सरावलेल्या माणसाला प्रत्यारोपणाबद्दल विचारलं की उत्तर बहुधा तयार असतं. “नको, चाललंय ते बरं चाललंय.” रुग्णांच्या समुपदेशनाचं काम करताना हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. घाई न करता पुढे विचारत गेलं की लक्षात येतं, या माणसाने असं काही ठरवलेलंच नाही. कुणीतरी खर्चाचा एक आकडा सांगितला. कुणीतरी बसवलेली किडनी वर्षभरात गेल्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरांच्या गर्दीच्या ओपीडीत विचारायचं होतं ते राहून गेलं. बघता बघता दोन वर्षं उलटली आणि ‘नको’ आपोआप पक्कं झालं.

हा लेख डायलिसिसवर असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. प्रत्यारोपण सगळ्यांनी करावंच असा माझा आग्रह नाही. काहींच्या प्रकृतीला ते झेपणारं नसतं आणि काही जण सगळं समजून घेऊन नाही म्हणतात. ते त्यांच्या हक्काचं आहे. पण ‘नाही’ म्हणायचं तर ते माहिती घेऊन म्हणावं आणि वेळेत म्हणावं, कारण थांबण्याचीही किंमत असते आणि ती शरीर मोजत असतं.

आठवड्याचे १६८ तास असतात. निरोगी किडनी सगळे १६८ तास काम करते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस घेणाऱ्याचं रक्त १२ तास गाळलं जातं आणि आपल्याकडे पैशाअभावी किंवा अंतरामुळे दोनदाच मशीनवर बसणारे कितीतरी आहेत, त्यांचं आठच तास. उरलेल्या वेळात पाणी साचतं, पोटॅशियम-फॉस्फरस वाढतं, हृदयावर ताण येतो. म्हणून डायलिसिसवर गेलेला काळ जितका लांबतो, तितका पुढच्या प्रत्यारोपणाचा निकाल सर्वसाधारणपणे थोडा कमी चांगला लागतो. सगळ्यांत चांगला निकाल तर डायलिसिस सुरू होण्याआधीच केलेल्या प्रत्यारोपणाचा असतो. क्रिएटिनीन वाढतं आहे, डॉक्टर फिस्टुला करून घ्या म्हणताहेत, अशा टप्प्यावर कुणी हा लेख वाचत असेल तर त्याने ‘डोनर’चा विषय आजच काढावा. डायलिसिस लागल्यावर बघू, असं म्हणू नये.

आता भीतीकडे येऊ. पहिली भीती ऑपरेशनची. अनेकांना वाटतं की आपल्या दोन्ही किडन्या काढून तिथे नवी बसवतात. तसं नसतं. जुन्या किडन्या बहुतेक वेळा जागेवरच राहतात. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, बहुधा उजवीकडे, मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि तिची मूत्रनलिका मूत्राशयाला जोडतात. कंबरेमागे मोठा छेद, बरगडी काढणं वगैरे जे ऐकलेलं असतं त्यातलं काही प्राप्तकर्त्याच्या बाबतीत घडत नाही. पण धोका नाही असंही कुणी सांगू नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धोका डायलिसिसवर राहण्यापेक्षा जास्तच असतो, कारण ऑपरेशन ताजं असतं आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा डोस सर्वांत मोठा असतो. तो टप्पा ओलांडला की चित्र पालटतं. सरासरीने पाहता प्रत्यारोपण झालेली माणसं किडनीच्या प्रतीक्षायादीत नाव असूनही डायलिसिसवर थांबलेल्या माणसांपेक्षा जास्त जगतात. तुमचा पहिल्या आठवड्यांतला धोका किती, हे तुमच्या हृदयावर, वयावर, साखरेवर ठरतं. म्हणून “धोका आहे का?” एवढंच विचारून थांबू नका. “माझ्या बाबतीत धोका कशाचा, आणि तो कमी करायला आतापासून काय करता येईल?” असं विचारा.

दुसरी भीती शेजारच्या खुर्चीवरून येते आणि माझ्या मते ‘नको’मागचं सर्वांत मोठं कारण तीच आहे. डायलिसिस सेंटरमध्ये एका शिफ्टची माणसं आठवड्यातून दोन-तीनदा भेटतात. एकमेकांची वजनं, एकमेकांच्या फिस्टुलाच्या तक्रारी, कुणाच्या घरी कुणाचं लग्न, सगळं एकमेकांना ठाऊक असतं. त्यातला एखादा सांगतो, “मी बसवली होती. चार वर्षं चालली, मग रिजेक्ट झाली. परत इथंच आलो.” हे ऐकणाऱ्या सगळ्यांच्या मनात कोरलं जातं आणि त्याचा अनुभव खराच असतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांची बसवलेली किडनी दहा-पंधरा वर्षं उत्तम चालली आहे, ते त्या खोलीत येणारच नाहीत. ते कामावर आहेत, शेतावर आहेत, नातवाला शाळेतून आणायला गेले आहेत. डायलिसिस सेंटर ही अशी जागा आहे की तिथे प्रत्यारोपणाची फक्त अयशस्वी बाजूच दिसते. म्हणून एक दिवस वेळ काढून, तुम्ही जिथे उपचार घेता तिथल्या प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या फॉलोअपच्या ओपीडीत जाऊन बसा. तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकाला सांगितलंत तर तुमच्या वयाच्या, तुमच्यासारख्या आजाराच्या दोन-चार माणसांशी गाठ घालून देता येते. त्यांना औषधांचं विचारा, खर्चाचं विचारा, पश्चात्ताप होतो का तेही विचारा.

बसवलेली किडनी कायमची टिकत नाही, हे मात्र आधीच समजून घेतलेलं बरं. जिवंत दात्याची किडनी पहिलं वर्ष शंभरातल्या नव्वदाहून जास्त रुग्णांत व्यवस्थित चालते. पुढे कुणाची दहा वर्षं, कुणाची वीस वर्षं, क्वचित त्याहूनही जास्त. मेंदूमृत दात्याची किडनी सरासरीने त्यापेक्षा थोडी कमी टिकते. गेली तर पुन्हा डायलिसिस आहे आणि दुसरं प्रत्यारोपणही आहे. चार वर्षं मशीनशिवाय जगता आली, मुलीच्या लग्नात दिवसभर उभं राहता आलं, हा काळ वाया गेला असं म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. तो शेजारचा रुग्ण स्वतः काय म्हणतो, हेही एकदा त्याला विचारून बघा.

तिसरं कारण भीतीचं नाही, मायेचं आहे. “पोराची किडनी घेऊ का मी?” हा प्रश्न ज्यांनी विचारला ते गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले होते. हात फिस्टुलाने फुगलेला, आवाज कंडक्टरचा, त्यामुळे साऱ्या खोलीला ऐकू गेलं. “त्याचं लग्न व्हायचंय. त्याच्या अंगावर सुरी चालवून मी किती वर्षं जगणार?” मी काही बोलण्याआधी दाराशी उभी असलेली त्यांची पत्नी आत आली. हातात डब्याची पिशवी होती. ती म्हणाली, “आठवड्यातले तीन दिवस मी बाहेरच्या बाकड्यावर काढते. पोरगा रजा टाकून टाकून बोलणी खातो. तुम्ही नाही म्हणता, पण आम्हाला कुणी विचारलंय का?” ते गप्प झाले. पुढे मुलाआधी तिनेच तपासण्या करून घेतल्या आणि त्यात तिलाच साखर निघाली. किडनी देता आली नाही. पण साखर लवकर कळल्यामुळे तिचे उपचार सुरू झाले, आणि त्या घरात पहिल्यांदा तिघं बसून या विषयावर बोलले. गृहस्थांनी यादीत नाव घातलं.

घरच्यांच्या वतीने नकार देण्याआधी त्यांना विचारा, एवढंच मला यातून सांगायचं आहे. आणि देणाऱ्याला काय होतं, त्याची खरी माहिती त्यांच्यापुढे ठेवा. एका निरोगी किडनीवर माणूस नीट जगतो. उरलेली किडनी काही आठवड्यांत जास्तीचं काम उचलते. हल्ली दात्याची शस्त्रक्रिया बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते, चार-पाच दिवसांत घरी सोडतात. बैठं काम चार-सहा आठवड्यांत सुरू होतं, शेतातलं किंवा ओझी उचलण्याचं काम त्यानंतर. दात्याच्या मृत्यूचा धोका दहा हजारांत साधारण तीन इतका आहे. कमी आहे, पण शून्य नाही. पुढच्या आयुष्यात त्याची स्वतःची किडनी निकामी होण्याची शक्यताही, किडनी न दिलेल्या तितक्याच निरोगी माणसापेक्षा किंचित वाढते. म्हणूनच दात्याची इतकी कसून तपासणी करतात आणि म्हणूनच दिल्यानंतर दरवर्षी रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनीन तपासत राहायचं असतं. हे वर्षाचं काम चुकवू नका. किडनी घेणाऱ्याच्या तपासण्यांत सारं घर गुंतलेलं असतं आणि देणाऱ्याला सगळे विसरतात. तरुण मुलीला किंवा सुनेला पुढे मूल व्हायचं असेल, तर किडनी दिल्यानंतरच्या बाळंतपणात रक्तदाब वाढण्याची शक्यता थोडी जास्त असते, हेही तिला आधी कळलं पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य बायका आहेत आणि किडनी मिळणाऱ्यांत बहुसंख्य पुरुष. आई देते, बायको देते, बहीण देते. बाईच्या किडन्या गेल्या की मात्र नवऱ्याची नोकरी, दिराचा कारखाना, भावाची बायको, सगळं आडवं येतं आणि ती स्वतःच म्हणते, “माझ्यासाठी एवढं कशाला?” हा ‘नको’ मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो तिने बोललेला असला तरी तिला तो घरानेच शिकवलेला असतो. घरात रुग्ण बाई असेल तर नवऱ्याने आणि भावांनी तिच्या सांगण्याची वाट न पाहता रक्तगट तपासून घ्यावा. आणि घरातली एखादी बाई दाता म्हणून पुढे आली असेल, तर तिच्याशी डॉक्टरांनी आणि समुपदेशकाने एकटीशी बोलावं, असा आग्रह धरा. तिला मनातून द्यायची नसेल तर तसं ती तिथे सांगू शकते. तेव्हा ‘वैद्यकीय कारणामुळे चालणार नाही’ एवढंच घरच्यांना सांगितलं जातं. खरं कारण बाहेर जात नाही.

रक्तगट जुळत नाही म्हणूनही पुष्कळ जण विषय मिटवून टाकतात. तो मिटत नाही. नवरा ए गटाचा आणि बायको बी गटाची असेल आणि दुसऱ्या एखाद्या जोडप्यात नेमकं उलट असेल, तर दोन्ही कुटुंबं दात्यांची अदलाबदल करू शकतात. २०११ च्या दुरुस्तीने अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात याला जागा करून दिली. याला ‘स्वॅप’ म्हणतात. गट न जुळताही खास औषधोपचार करून प्रत्यारोपण होतं, पण त्याचा खर्च वाढतो.

कायद्याच्या दृष्टीने जवळचे नातेवाईक म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. मेहुणा, चुलतभाऊ, सासू, सून हे यात बसत नाहीत. त्यांना द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, जुने एकत्र फोटो या कागदांची जमवाजमव करण्यात महिने जातात, तेव्हा ती तपासण्यांच्या बरोबरीनेच सुरू करा. नावांच्या स्पेलिंगमधला फरक हा यातला नेहमीचा अडथळा. आणि पैसे देऊन किडनी मिळवून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून लांब राहा. १९९४ च्या कायद्यानुसार हा गुन्हा आहे. आता त्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे, आणि तो घेणाऱ्यालाही लागू होतो.

घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय समित्या हे काम पाहतात. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सोय आहे. नोंदणी प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फत होते. पासष्टीनंतर नाव घेत नाहीत, असं अजूनही लोक सांगतात. ती अट केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढून टाकली आणि राहण्याच्या राज्याची अटही. वयापेक्षा हृदय आणि एकंदर प्रकृती कशी आहे हे पाहिलं जातं. नाव घातल्यावर मात्र नोंदणी करून घरी बसू नका. डायलिसिसवर काढलेल्या काळाचे गुण धरले जातात, म्हणून डायलिसिस सुरू झाल्याचे कागद जपून ठेवा. रक्ताचे नमुने मागतील तेव्हा द्या. फोन नंबर बदलला तर कळवा, आणि दुसरा नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो रात्री फोन उचलतो. बोलावणं अवेळी येतं आणि तासाभरात हो-नाही सांगायचं असतं. पैशाची तजवीज, गाडी, सोबत कोण येणार, हे तेव्हा ठरवत बसलं तर किडनी पुढच्या माणसाकडे जाते. जायलाच हवी.

यादीत असताना अंग सांभाळणं हे तुमच्या हातात आहे. हिमोग्लोबिन कमी झालं की रक्त चढवून घ्यायची घाई करू नका. बाहेरच्या रक्तामुळे शरीरात अशा अँटीबॉडी तयार होतात की पुढे किडनी जुळणं अवघड होतं. इंजेक्शनने भागत असेल तर तसंच भागवा, डॉक्टरांशी यावर बोला. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण करा. दातांचं दुखणं काढून टाका. हृदयाची तपासणी लांबणीवर टाकू नका, मधुमेह असेल तर मुळीच नको.

खर्चाचं गणित लोक एकाच आकड्यावर सोडतात. ऑपरेशनचा आकडा मोठा असतो हे खरं, पण डायलिसिसचा प्रवास, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस, इंजेक्शनं, हे सगळं लिहून काढलं तर दोन-तीन वर्षांत हिशेब वेगळा दिसू लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. तुमच्या रुग्णालयाला या उपचारासाठी योजना लागू आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, काही देवस्थानांचे न्यास वैद्यकीय मदत देतात. हे अर्ज ऑपरेशनच्या आधी करायचे असतात, म्हणून रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना लवकर भेटा. मात्र पैसा ऑपरेशनपुरता जमवून थांबू नका. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या कायमच्या असतात. सुरुवातीला त्यांचा महिन्याचा खर्च अनेकांच्या घरभाड्याहून जास्त होतो, पुढे डोस उतरतो तसा कमी होतो. परवडत नाही म्हणून न सांगता गोळी बंद करणं हे किडनी जाण्याचं एक मोठं आणि टाळता येणारं कारण आहे. अडचण आली तर आधी सांगा. पर्याय निघतो.

आणि नंतरचं जगणं? पहिले तीन महिने काटेकोर असतात. वारंवार तपासण्या, मास्क, गर्दी टाळणं, ताप आला की घरी न थांबता रुग्णालय गाठणं. क्षयाचा संसर्ग आपल्याकडे जास्त, म्हणून लांबलेल्या खोकल्याकडे लक्ष ठेवायचं. गोळ्यांच्या वेळा मोबाईलच्या गजरावर. अंगदुखीच्या गोळ्या, काढे, कुणी सांगितलेली पावडर, काही घ्यायचं नाही. चकोतरा आणि पपनस ही फळं टाळायची, कारण त्यांनी औषधाची रक्तातली पातळी वाढते. कोकणात-गोव्यात चतुर्थीला पपनस घरात असतंच, ते गणपतीवरच्या माटोळीला बांधा, खाऊ नका. या सगळ्यापलीकडे एक बदल असा होतो की तो सांगताना माणसांचा चेहरा उजळतो. वर्षानुवर्षं भांड्याने मोजून पाणी प्यायलेल्या माणसाला आता नर्स सांगते, भरपूर पाणी प्या. कित्येकांना ते जमतच नाही. पेला अर्ध्यावर ठेवून ते विचारतात, “अजून पिऊ?”

हे सगळं समजून घेऊनही तुम्ही नाही म्हणालात, तर ते उत्तर पूर्ण आहे. मग डायलिसिस नीट घ्या. दोनदा होत असेल तर तीनदा कसं होईल ते बघा, फिस्टुलाच्या हाताचा रक्तदाब कुणाला घेऊ देऊ नका, घरी पोटातून करायच्या सीएपीडीबद्दल विचारा, गावातून शहराची खेप वाचते. आणि सहा महिन्यांनी डॉक्टर किंवा घरातलं कुणी पुन्हा विषय काढेल तेव्हा रागावू नका. प्रकृती बदलते, घरातली माणसं मोठी होतात, योजना बदलतात. तेव्हाचं उत्तर तेव्हा द्या.